गांधीहत्येतील 'चौथी गोळी' : पुरावा काय सांगतो?

आजचा भाग जरा नाजूक विषयावर आहे, म्हणून आधीच सांगतो : मी इथे कुणाची वकिली करायला बसलेलो नाही. तीस-पस्तीस वर्षं लष्करात काढली, हत्यारं हाताळली, फायरिंगनंतरचे हिशेब तपासले, चौकशी समित्यांवर बसलो. त्या अनुभवाच्या चष्म्यातून एका जुन्या पुराव्याकडे बघायचं आहे, एवढंच.

इथे रायपूरला आमच्या चौबे कॉलनीच्या बाजूला मराठी माणसं चार एकत्र जमली आणि गांधीजींचा विषय निघाला की कुणीतरी हमखास विचारतो, "कर्नल साहेब, ती चौथी गोळी कुणाची हो?" विचारणारे बहुतेक तरुण असतात. त्यांनी कुठेतरी अर्धवट ऐकलेलं असतं की नथुरामने तीन गोळ्या झाडल्या, पण गोळ्या चार होत्या, म्हणजे दुसरा मारेकरी होता, आणि ते सगळं दडपलं गेलं. ऐकायला हे पटकन पटतं. म्हणून आज सावकाश बघू.

आधी हा विषय वर आला कसा, ते थोडक्यात. मुंबईच्या एका संशोधकांनी गांधीहत्येचा तपास पुन्हा करावा म्हणून आधी मुंबई उच्च न्यायालयात आणि मग सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. ऑक्टोबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ज्येष्ठ वकील अमरेंद्र शरण यांना न्यायमित्र नेमलं आणि कागदपत्रं तपासायला सांगितलं. त्यांनी खटल्याचे हजारो पानांचे दप्तर आणि कपूर आयोगाचा अहवाल पाहून जानेवारी २०१८ मध्ये मत दिलं की दुसऱ्या मारेकऱ्याला किंवा चौथ्या गोळीला आधार सापडत नाही. २८ मार्च २०१८ रोजी न्या. शरद बोबडे आणि न्या. नागेश्वर राव यांच्या पीठाने अर्ज फेटाळला. बोबडे साहेब आपल्या नागपूरचे.

न्यायालयाने फेटाळलं म्हणून विषय संपला, असं मी म्हणणार नाही. न्यायालयाने फेटाळलं आणि लोकांच्या मनातून गेलं, असं आपल्या देशात कधी होतं? प्रश्न पुराव्याचा आहे, तर पुराव्यानेच उत्तर देऊ.

सगळा घोळ एका शब्दात आहे. तो शब्द म्हणजे 'गोळी'.

आपण मराठीत (हिंदीत आणि गुजरातीतही) 'गोळी' हा शब्द पाच वेगवेगळ्या गोष्टींना वापरतो. "त्याच्याकडे सात गोळ्या होत्या" म्हणतो तेव्हा आपल्याला अख्खं काडतूस म्हणायचं असतं : पितळेची नळी, आत दारू, तळाला टोपी आणि पुढे शिशाचं डोकं. "गोळी छातीत अडकली" म्हणतो तेव्हा फक्त ते पुढचं डोकं. "तीन गोळ्या ऐकल्या" म्हणतो तेव्हा आवाज. "अंगावर तीन गोळ्या होत्या" म्हणतो तेव्हा जखमा. आणि गोळी झाडल्यावर पिस्तुलातून उडून खाली पडते ती रिकामी पितळी पुंगळी, तिलाही ज्याने आयुष्यात हत्यार पाहिलेलं नाही तो माणूस 'गोळी'च म्हणतो. फौजेत तिला आम्ही खोखा म्हणतो.

आता हिशेब करा. तीन वेळा चाप ओढला तर तीन आवाज होतील, तीन डोकी जातील आणि तीन पुंगळ्या पडतील. म्हणजे तपासणाऱ्याच्या हातात एकूण सहा वस्तू येऊ शकतात. त्यांतली एखादी उशिरा, वेगळ्या जागी सापडली आणि सांगणाऱ्याने तिला 'गोळी' म्हटलं, की तीनाच्या चार व्हायला वेळ लागत नाही.

आणि या प्रकरणात नेमकी अशी एक वस्तू आहे. गांधीजींच्या शेवटच्या दिवसांत सतत सोबत असणाऱ्या मनुबेन यांच्या नोंदीचा अर्जात आधार घेतला होता : पार्थिवाला आंघोळ घालताना अंगावरच्या शालीतून एक गोळी खाली पडली. ही नोंद खोटी आहे असं मला अजिबात वाटत नाही. पण पडलं काय? शिशाचं डोकं की पितळेची पुंगळी? नऊ मिलिमीटरची पुंगळी करंगळीच्या पेराएवढी असते. शोकात बुडालेल्या, हत्यारांशी कधी संबंध न आलेल्या तरुण मुलीने तिला 'गोळी' म्हणणं अगदी साहजिक आहे. स्वयंचलित पिस्तुलातली पुंगळी बाहेर फेकली जाते ती जोरात, वर आणि बाजूला. समोरचा माणूस दोन-तीन फुटांवर, त्याच्या अंगावर लोकरी शाल, दोन्ही बाजूंना आधार देणाऱ्या मुली, भोवती गर्दी. अशा वेळी एक पुंगळी शालीच्या घडीत जाऊन बसली तर मला काहीच नवल वाटणार नाही. फायरिंग रेंजवर माझ्या स्वतःच्या शर्टाच्या कॉलरमध्ये शेजाऱ्याची गरम पुंगळी गेलेली आहे. मानेवर डाग पडला होता.

आणि उलट विचार करा. शालीतून शिशाचं डोकंच पडलं असं धरलं, तरी ते चौथंच कशावरून? आरपार गेलेलं डोकं पाठीमागच्या कापडात जोर संपून अडकू शकतं. बेरेटाची ही गोळी काही फार जोरकस नसते. त्यावर आता येतो.

पिस्तूल होतं इटालियन बेरेटा, १९३४ चं मॉडेल, क्रमांक ६०६८२४. लोक 'नऊ एमएम' ऐकतात आणि फौजेतलं नऊ एमएम समजतात. ते वेगळं. आमच्या पिस्तुलाच्या काडतुसाची पुंगळी १९ मिलिमीटर लांब, याची १७. इटालियन लोक याला 'कोर्टो' म्हणजे आखूड म्हणतात. दारू कमी, वेग कमी. डोक्याचं वजन साधारण सहा ग्रॅम आणि वेग आवाजाच्या वेगापेक्षाही कमी. जवळून माणूस मारायला पुरेसं आहे, पण शरीरातून प्रत्येक वेळी आरपार जाईलच अशी खात्री नाही.

जखमांशी हे ताडून बघा. दिल्लीचे सिव्हिल सर्जन लेफ्टनंट कर्नल तनेजा यांनी ३१ जानेवारीच्या सकाळी बिर्ला हाउसमध्ये पार्थिवाची तपासणी केली. गोळी आत शिरल्याच्या जखमा तीन, तिन्ही शरीराच्या उजव्या बाजूला. पोट आणि बरगड्यांच्या भागातल्या दोन गोळ्या आरपार जाऊन पाठीतून बाहेर पडल्या होत्या. छातीत लागलेली तिसरी फुफ्फुसात राहिली. म्हणजे पुढे तीन, मागे दोन. ज्याला फक्त 'अंगावरच्या जखमा' मोजायच्या आहेत तो पाच मोजेल. ज्याने पुढूनच पार्थिव पाहिलं तो तीन मोजेल. घाईत, रडारडीत, कपडे बदलताना ज्याने अर्धवट पाहिलं तो चारही मोजेल. त्या काळच्या काही वर्तमानपत्रांत चार गोळ्या असं छापून आलं होतं, हाही अर्जातला एक आधार होता. ३० जानेवारीच्या रात्री वार्ताहर कुठल्या अवस्थेत बातम्या पाठवत होते याची कल्पना केली, तर त्या आकड्याला मी फार किंमत देत नाही. त्यापेक्षा तुघलक रोड पोलीस ठाण्यातली फिर्याद जास्त मोलाची. ती त्याच संध्याकाळी, प्रत्यक्ष तिथे हजर असलेल्या नंदलाल मेहता यांच्या तोंडून उर्दूत लिहिली गेली. तिच्यात तीन गोळ्या आहेत.

आता अर्जातला सगळ्यात हुशार मुद्दा. बेरेटाच्या मॅगझिनमध्ये सात काडतुसं बसतात. पोलिसांनी चार जिवंत काडतुसं जप्त केली. सातातून चार गेली, राहिली तीन. म्हणजे नथुरामने तीनच झाडल्या, आणि चौथी असेल तर ती दुसऱ्याच हत्यारातून. वाचताना बिनतोड वाटतं.

पण ज्याने पिस्तूल वापरलंय त्याला यातली फट लगेच दिसेल. मॅगझिन भरा, एक काडतूस नळीत चढवा, मॅगझिन काढून त्यात आणखी एक घाला. झाली आठ. यात काही विशेष नाही, अनेक जण करतात. तसं असेल तर चार उरली याचा अर्थ चार झाडली असाही होतो, आणि मग चौथ्या गोळीसाठी दुसऱ्या माणसाची गरजच उरत नाही! नथुरामने आठ भरली होती असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं इतकंच की मॅगझिनच्या गणितावरून तीन किंवा चार यांतलं काहीच सिद्ध होत नाही. किती झाडल्या हे जखमांवरून, साक्षींवरून आणि सापडलेल्या वस्तूंवरून ठरवावं लागतं. त्या तिन्हींचा कौल तीनच आहे.

सापडलेल्या वस्तू तपासल्या गेल्या, हेही बऱ्याच जणांना माहीत नसतं. पंजाबात फिल्लौरला पोलिसांची जुनी शास्त्रीय प्रयोगशाळा होती. तिचे संचालक डॉ. गोयल यांनी पिस्तुलातून चाचणीसाठी गोळ्या झाडून जागेवर मिळालेल्या मालाशी ताडून पाहिल्या. पुंगळीच्या बुडावर पिनचा ठसा उमटतो, डोक्यावर नळीच्या आतल्या आट्यांचे ओरखडे उमटतात, आणि ते सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी ठेवून बघता येतात. हे तंत्र १९४८ साली नवं नव्हतं. मिळालेला माल याच पिस्तुलातला, असा निष्कर्ष निघाला.

मग शंकेला जागाच नाही का? आहे. तीही सांगितली पाहिजे, नाहीतर माझ्यात आणि 'सगळं दडपलं' म्हणणाऱ्यात फरक काय राहिला?

पहिली गोष्ट, रीतसर शवविच्छेदन झालं नाही. तनेजांची तपासणी बाहेरून होती. फुफ्फुसातली गोळी बाहेर काढून तपासली गेली नाही. आजच्या कुठल्याही साध्या खून खटल्यात बचावाचा वकील यावरून तासभर बोलेल. का झालं नाही ते समजू शकतं. देशाच्या बापाच्या देहावर सुरी चालवायची, तेही मारणाऱ्याला जागेवर पकडलेलं असताना, असं त्या रात्री कोण म्हणणार होतं? माणूस म्हणून तो निर्णय मला पटतो. तपास म्हणून बघितलं तर ती एक मोकळी जागा राहिली, आणि मोकळ्या जागेत पुढे सत्तर वर्षं गवत उगवत राहिलं.

दुसरी गोष्ट, घटनास्थळ. आम्ही रेंजवर फायरिंग संपलं की एका ओळीत उभं राहून जमीन विंचरतो, प्रत्येक खोखा मोजून जमा करतो. शिस्तीतले जवान, दिवसाचा उजेड, ठरलेली जागा, आणि तरीही एखादा खोखा गवतात हरवतो, आणि मग संध्याकाळपर्यंत पलटण गवत उपसत बसते. बिर्ला हाउसमध्ये जानेवारीतली संध्याकाळ होती, सव्वापाच वाजून गेले होते, शेकडो माणसं होती. लोकांनी जिथे बापू पडले तिथली माती मुठी मुठीने उचलून नेली, इतकी की तिथे खड्डा पडला. भक्तीने नेली. पण जागेचा पंचनामा म्हणून त्या मातीत काय राहिलं असेल?

तिसरी गोष्ट, पिस्तूल हातातून कुणी घेतलं यावरही दोन-तीन कथा आहेत. हवाई दलाचे सार्जंट देवराज सिंग यांचं नाव येतं, अमेरिकी वकिलातीतला तरुण अधिकारी हर्बर्ट रायनर याचं येतं, आणि बिर्ला हाउसचे माळी रघू नायक यांचं. रघू नायक आमच्या शेजारच्या ओडिशाचे. गोंधळात तीन-चार जण एकदम तुटून पडले असतील आणि प्रत्येकाची आठवण खरी असेल. नंबर लिहिलेलं हत्यार आरोपीसकट मिळालं, त्यामुळे याने खटल्याला धक्का लागला नाही.

आणि एक साधी गोष्ट विसरू नका. पुराव्यावर बोट ठेवण्यात ज्याचा सगळ्यात जास्त फायदा होता, त्या नथुरामने स्वतः कधी म्हटलं नाही की दुसऱ्या कुणी गोळी झाडली. लाल किल्ल्यातल्या विशेष न्यायालयाने १० फेब्रुवारी १९४९ ला फाशी सुनावली. त्यावर त्याने अपील केलं ते कटाच्या निष्कर्षाविरुद्ध. खुनाच्या शिक्षेला त्याने आव्हान दिलंच नाही. पूर्व पंजाब उच्च न्यायालयात त्याने स्वतः उभं राहून युक्तिवाद केला. दुसरा मारेकरी असता तर तो झाकण्यात त्याला एकवेळ अर्थ वाटला असता. पण त्याचा सगळा आव 'हे मी एकट्याने केलं' असाच होता.

अशी चौथी गोळी आपल्याकडेच आहे असंही समजू नका. १९६३ मध्ये अमेरिकेत केनेडींचा खून झाला. वॉरेन आयोगाने तीन गोळ्या म्हटलं, इमारतीच्या सहाव्या मजल्यावर तीन पुंगळ्या मिळाल्या होत्या. १९७९ मध्ये तिथल्या संसदीय समितीने पोलिसांच्या वायरलेसच्या ध्वनिमुद्रणावरून सांगितलं की चौथी गोळी झाडली गेली असावी. १९८२ मध्ये विज्ञान अकादमीच्या तज्ज्ञांनी तेच मुद्रण तपासलं आणि म्हटलं, ज्याला तुम्ही गोळीचा आवाज समजता तो खुनानंतर सुमारे मिनिटभराने नोंदला गेलेला आहे. तरी तिथे आजही अर्धी माणसं चौथीवर विश्वास ठेवतात. मोठ्या माणसाचा मृत्यू एका साध्या माणसाच्या हातून झाला हे पचत नाही.

आपल्या मराठी माणसाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, आणि ती बोलायला कुणी तयार नसतं. नथुराम पुण्याचा, आपटे पुण्याचा, करकरे नगरचा. हत्येनंतर महाराष्ट्रात कित्येक ब्राह्मण कुटुंबांची घरं जळाली, ज्यांचा त्या कटाशी सुतराम संबंध नव्हता अशांची. त्यांतली काही माणसं गाव सोडून गेली आणि परत आली नाहीत. अशा घरात वाढलेल्याला कुणी सांगितलं की खरा मारेकरी दुसराच होता, परका होता, तर त्याला ते हवंसं वाटणारच. मी ते समजू शकतो. पण निरपराधांची घरं जाळणं चूक होतं, हे म्हणायला चौथ्या गोळीची काही गरज नाही. ती घरं जाळणं तीन गोळ्यांतही तितकंच चूक होतं.

मला चौथ्या गोळीचा खरा राग वेगळ्या कारणासाठी येतो. तिच्या नादात या प्रकरणातला ज्यावर खरोखर भांडायला हवं असा भौतिक पुरावा कुणाच्या लक्षातच राहत नाही. तो पुरावा म्हणजे धोब्याकडे दिलेले कपडे.

२० जानेवारी १९४८ ला, म्हणजे हत्येच्या दहा दिवस आधी, बिर्ला हाउसमध्येच स्फोट झाला होता. मदनलाल पाहवा जागेवर पकडला गेला, बाकीचे पळाले. नथुराम आणि आपटे दिल्लीच्या मरिना हॉटेलात ४० नंबरच्या खोलीत 'देशपांडे' या खोट्या आडनावाने उतरले होते. मदनलालच्या सांगण्यावरून त्याच रात्री पोलीस खोलीत पोचले. पक्षी उडाले होते. खोलीत हिंदू महासभेच्या एका पदाधिकाऱ्याचं टंकलिखित निवेदन मिळालं. आणि हॉटेलमार्फत धुवायला दिलेले कपडे मागे राहिले, ज्यांवर धोब्याची खूण होती : एन. व्ही. जी.

नथुराम विनायक गोडसे.

मदनलालने एका मराठी वर्तमानपत्राच्या संपादकाचा उल्लेख केला होता. पुण्याहून निघणारं 'अग्रणी', पुढे 'हिंदु राष्ट्र', याचा संपादक कोण हे काही गुपित नव्हतं; सरकारी दप्तरात नोंद होती. मुंबईत रुईया महाविद्यालयाचे प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांनी २१ जानेवारीला मदनलालबद्दल आपल्याला जे माहीत होतं ते बाळासाहेब खेर आणि मोरारजी देसाई यांच्या कानावर घातलं होतं. दिल्लीचे पोलीस अधिकारी विमानाने मुंबईला गेले, आणि काही दिवसांत हात हलवत परत आले. पुण्याच्या पोलिसांना दिल्लीला बोलावून, बिर्ला हाउसच्या दारात उभं करून, 'यांतला ओळखीचा चेहरा दिसला तर सांगा' इतकंही झालं नाही.

हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. विशेष न्यायाधीश आत्माचरण यांनी निकालातच पोलिसांच्या या ढिलाईवर ठपका ठेवला. पुढे १९६६ मध्ये नेमलेल्या न्या. जीवनलाल कपूर आयोगाने १९६९ च्या अहवालात दिल्ली आणि मुंबईच्या तपासाची दिवसागणिक उजळणी केली. जाडजूड अहवाल आहे, पण २० ते ३० जानेवारीचा भाग तरी प्रत्येकाने वाचावा असा आहे.

पिस्तुलाचीही अशीच एक बाजू अर्धी राहिली. ते ग्वाल्हेरहून २८ जानेवारीच्या सुमारास मिळवलं गेलं, असं खटल्यात पुढे आलं. ग्वाल्हेरचे डॉ. परचुरे यांना खालच्या न्यायालयाने दोषी धरलं, पण त्यांचा कबुलीजबाब मागे घेतला गेला होता आणि जून १९४९ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना सोडलं. ग्वाल्हेरच्या साखळीतले तिघं खटल्याच्या वेळी फरारच होते. म्हणजे गोळ्या कुठल्या पिस्तुलातून सुटल्या हे पक्कं, आणि ते पिस्तूल नथुरामच्या हातात कुणाकुणाच्या हातांतून आलं, हे मात्र न्यायालयात शेवटपर्यंत पक्कं झालं नाही.

तर पुढच्या वेळी कुणी चौथ्या गोळीबद्दल विचारलं, तर त्याला आधी विचारा : गोळी म्हणजे नेमकं काय म्हणतोस, पुंगळी, डोकं, आवाज की जखम? आणि मग त्याला मरिना हॉटेलातल्या कपड्यांवरच्या तीन अक्षरांबद्दल सांगा. दहा दिवस हाताशी होती ती अक्षरं.